छायाचित्र-संस्काराचा श्रीगणेशा

फोटोवर संस्कार करण्याची कला जवळजवळ फोटो काढण्याच्या कलेइतकीच जुनी आहे. नवें आहे तें तिचें साधन. फोटोविद्येचा शोध १८३९ सालीं जगजाहीर झाला, आणि १८५४ मध्यें मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होऊन येथील हौशी मंडळी कॅमेरे व रसायनें यांच्या नादीं लागली. त्यानंतर तीनच वर्षांनीं इंग्लंडांत ऑस्कर रेजलँडर नांवाच्या कलावंतानें तीसांहून अधिक निगेटिव्ह एकत्र जुळवून एकच भलें मोठें चित्र सिद्ध केलें व त्यावरून मोठा वाद माजला. पुढें स्टुडिओंतील कारागीर निगेटिव्हवर टोंकदार पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरील देवीचे वण बुजवूं लागले. तेव्हां ‘संगणक आला आणि फोटो खोटे झाले’ ही जी तक्रार वारंवार कानीं पडते, तिला इतिहासाचा फारसा आधार नाहीं.

ज्या प्रोग्रॅममुळें ही विद्या घरोघर पोंचली, त्या फोटोशॉपची जन्मकथा नवशिक्यानें अवश्य जाणून घ्यावी. १९८७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यानें करड्या छटांचीं चित्रें संगणकाच्या पडद्यावर दाखविणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांतील दृश्यचमत्कारांच्या धंद्यांत होता. त्याला या खेळण्याचा उपयोग दिसला. दोघांनीं मिळून तें वाढविलें आणि फेब्रुवारी १९९० मध्यें अडोबी कंपनीनें त्याची पहिली आवृत्ति बाजारांत आणली. या भावांच्या वडिलांना फोटोचा नाद असून त्यांच्या घरींच फोटो धुण्याची काळोखी खोली होती. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. फोटोशॉपमधील ‘डॉज’ व ‘बर्न’ हीं साधनें त्या काळोख्या खोलींतूनच आलेलीं आहेत. एन्लार्जरखालीं कागदावर उजेड पडत असतां तारेच्या टोंकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्यें धरली, कीं तेवढा भाग उजळ राहतो, त्यास डॉज म्हणत. आणि हाताच्या पंज्यांतून एखाद्या भागावर अधिक उजेड पडूं दिला, कीं तो भाग गडद होतो, त्यास बर्न म्हणत. पडद्यावरील त्या साधनांचीं चिन्हेंही तशींच आहेत, एक काडीवरची चकती व एक मिटत आलेला हात. हा सर्व खेळ उजेडाचा आहे, बटणांचा नव्हे, हें ज्याला एकदां उमगलें त्याची निम्मी भीति तेथेंच जाते.

भीति वाटणें स्वाभाविक आहे. नवशिका मोठ्या उमेदीनें प्रोग्रॅम उघडतो, आणि डावीकडे साधनांची उभी रांग, वर मेनूंची आडवी रांग, उजवीकडे नाना प्रकारच्या पट्ट्या, असा थाट पाहून भांबावतो. मग तो इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहूं लागतो. एका दिवशीं चेहऱ्यामागची भिंत काढून तेथें आयफेल टॉवर बसवावयास शिकतो, दुसऱ्या दिवशीं अक्षरांना सोन्याची झळाळी आणावयास शिकतो, आणि आठ दिवसांनीं यांतील कांहींही त्याला आठवत नाहीं. दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं. गरज निर्माण होण्याआधींच साधन हातांत दिलें, तर तें हातांत राहत नाहीं; पानें उलटून शब्दकोश पाठ करणाऱ्याला भाषा येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

कोणता प्रोग्रॅम घ्यावा, या प्रश्नावर नवशिके फार दिवस घालवितात. तो प्रश्न इतका मोठा नाहीं. फोटोशॉप १९९० पासून चालत आलेला व धंदेवाईकांच्या सवयीचा आहे. पण २०१३ पासून अडोबीनें त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याची पद्धति ठेवली, त्यामुळें तो एकदां विकत घेऊन कायमचा आपला होत नाहीं. ‘गिंप’ नांवाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठांतील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ मध्यें तो लिहावयास घेतला. पुढें जगभरच्या स्वयंसेवकांनीं वाढविला, आणि मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति निघाली. खालीं सांगितलेलें सर्व कांहीं दोहोंतही करतां येतें. पेटी शिकावयास बसणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं पॅरिस रीडची पेटी मागूं नये, तद्वत् पहिले सहा महिने पैसे खर्चूं नयेत.

प्रोग्रॅमपेक्षां महत्त्वाची निवड आहे ती फोटोची. नवशिक्यानें शंभर फोटो घेऊं नयेत. एकच घ्यावा, आणि तो घरांतला, जुना, काळापांढरा, थोडा बिघडलेला असावा. पुष्कळ घरांत पणजीचा एकच फोटो असतो. लग्नानंतर स्टुडिओंत काढलेला. मागें रंगविलेला पडदा, शेजारीं पगडी घातलेले पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले. कागद पिवळा पडलेला आहे, एका कोपऱ्यास ओलीचा डाग आहे, आणि घडी पडून साडीवरून एक चीर गेली आहे. असा फोटो शिकण्यास उत्तम. त्याला कशाची गरज आहे हें तो स्वतःच सांगतो, त्यामुळें साधनें योग्य क्रमानें हातीं येतात. आणि दुसरें असें, कीं त्यांतील माणसांविषयीं मनांत आदर असल्यामुळें हात आपोआप जपून चालतो. मोबाइलवर नुकताच काढलेला फोटो यासाठीं फारसा कामाचा नाहीं, कारण मोबाइलनें त्यावर आपले संस्कार आधींच करून टाकलेले असतात.

मूळ फोटोस पाण्याचा हात लावूं नये. त्याच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो ओल लागली कीं फुगतो व सुटतो. मऊ, कोरड्या कुंचल्यानें धूळ झटकावी, एवढेंच. फोटो चौकटीच्या कांचेला चिकटला असल्यास तो ओढून काढूं नये. कांचेसकटच त्याची नक्कल घ्यावी. स्कॅनरवर इंचास ६०० ठिपके हें प्रमाण ठेवावें. सहा इंच बाय चार इंचांच्या फोटोचे त्यानें ३६०० गुणिले २४००, म्हणजे ८६ लक्ष ४० हजार ठिपके होतात, आणि घरगुती कामास तेवढे पुरे. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन मात्र रंगीतच करावें. यांत एक मौज आहे. रंगीत स्कॅनमध्यें तांबडा, हिरवा व निळा असे तीन चॅनेल असतात. पिवळा डाग निळा उजेड शोषून घेतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्यें तो काळाकुट्ट दिसतो. पण तांबड्या चॅनेलमध्यें पहावें, तर तोच डाग पुष्कळदां जवळजवळ नाहींसा झालेला असतो! तासभर कुंचला घासून जें साधलें नसतें, तें केवळ योग्य चॅनेल निवडल्यानें साधतें. स्कॅन टिफ पद्धतीनें सांठवावें. जेपेग ही पद्धति जागा वाचविण्यासाठीं बारीक तपशील टाकून देते आणि दर वेळीं नव्यानें सांठवितांना आणखी टाकते. मूळ स्कॅन बाजूस ठेवून काम नेहमीं नकलेवर करावें.

यानंतर कांहीं करूं नये. दहा मिनिटें नुसतें पहावें. हें वाक्य विनोदानें लिहिलेलें नाहीं. फोटो मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश फिरावें आणि प्रत्येक काळ्या ठिपक्याला विचारावें, तूं फोटोवर पडलेला डाग आहेस, कीं फोटोंतलाच आहेस? पणजीच्या कपाळावरचा गडद ठिपका हें कुंकूं आहे. जुन्या काळच्या पुष्कळ कांचांना व फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळें कुंकूं शाईच्या थेंबासारखें काळें उमटे. त्याच्या जरा खालीं, भुंवयांच्या मध्यें, लहानशी खूण असेल तर तें गोंदण असूं शकेल. हनुवटीवरचा ठिपका गोंदणाचा, तिळाचा, कीं बुरशीचा? नाकाजवळचा पांढरा कवडसा हा ओरखडा, कीं नथेचा मोतीं? प्रोग्रॅमला हें समजत नाहीं, आणि घाईनें बसलेल्या नवशिक्यासही समजत नाहीं. अशा वेळीं फोटो घरांतील वडीलधाऱ्या माणसांपुढें धरावा. “आत्या, पणजीच्या हनुवटीवर गोंदण होतं का हो?” एवढ्या एका प्रश्नानें जें कळतें, तें कोणत्याही मेनूंत सांपडणार नाहीं, वर, एरवीं न निघालेल्या चार आठवणी निघतात त्या निराळ्याच.

कडा कापणें व वांकडें बसलेलें चित्र सरळ करणें हें ‘क्रॉप’ साधनाचें काम पांच मिनिटांचें आहे. स्टुडिओचा शिक्का किंवा पुठ्ठ्यावरचें नक्षीकाम असल्यास तें मात्र कापूं नये.

खरें शिक्षण सुरूं होतें तें ‘लेव्हल्स’ या साधनापाशीं. तें उघडतांच डोंगरासारखा एक आलेख दिसतो, त्यास हिस्टोग्राम म्हणतात. चित्रांतील प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला शून्यापासून २५५ पर्यंत एक अंक दिलेला असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळें, २५५ म्हणजे पूर्ण पांढरें. कोणत्या अंकाचे किती ठिपके आहेत, हें त्या डोंगराच्या उंचीवरून समजतें. नव्या, ठसठशीत फोटोचा डोंगर बहुधा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पसरलेला असतो. विटलेल्या फोटोचा डोंगर मध्येंच आखडून बसतो. दोन्ही बाजूंस मैदान रिकामें. याचा अर्थ असा, कीं त्या फोटोंत खरें काळेंही उरलेलें नाहीं व खरें पांढरेंही नाहीं, सर्व मिळून एक राखाडी गिचका झाला आहे. आलेखाखालीं तीन लहान त्रिकोण असतात. डावा त्रिकोण सरकवीत डोंगराच्या डाव्या पायथ्याशीं आणावा, उजवा उजव्या पायथ्याशीं. पाहतां पाहतां पगडीच्या घड्या दिसूं लागतात, साडीचे कांठ पदरापासून निराळे होतात, आणि पाऊणशें वर्षें धुक्यांत बसलेलीं माणसें उजेडांत येतात. मधल्या त्रिकोणानें सर्व चित्र थोडें उजळ वा गडद करतां येतें. गाण्याआधीं तंबोरा लावावा, तशी ही क्रिया आहे. ती नीट झाल्याखेरीज पुढच्या कशालाही अर्थ नाहीं. आणि ती नीट झाली, तर पुष्कळदां पुढचें निम्में काम उरतही नाहीं. मोह मात्र आवरावा. त्रिकोण पायथ्याच्या आंत ढकलला, कीं पांढऱ्या धोतराच्या निऱ्या नाहींशा होऊन तेथें नुसता चुन्याचा पट्टा उरतो, आणि त्या स्थितींत फाइल सांठविली कीं गेलेल्या निऱ्या परत येत नाहींत.

आतां चीर व डाग. येथें ‘लेयर’ म्हणजे थर ही कल्पना समजून घ्यावी लागते. फोटोशॉपमध्यें ती १९९४ सालीं तिसऱ्या आवृत्तींत आली. भरतकामाचा नमुना उतरून घेतांना चित्रावर बटर-पेपर ठेवतात, तसा फोटोवर एक पारदर्शक, कोरा थर ठेवावा व सर्व दुरुस्ती त्यावर करावी. खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. दुरुस्ती बिघडली तर तेवढा कागद फेंकून द्यावा, दुसरा घ्यावा. थराच्या नांवापुढें डोळ्याचें चिन्ह असतें. तें मिटून उघडून पाहिलें, म्हणजे आपण सुधारलें किती व बिघडविलें किती हें तत्काळ दिसतें.

दुरुस्तीचीं मुख्य साधनें दोन. ‘क्लोन’ हें फोटोच्या एका चांगल्या भागाची नक्कल उचलून दुसऱ्या भागावर छापतें. ‘हील’ हें नक्कल छापून शिवाय आजूबाजूच्या उजेडाशीं तिचा मेळ घालतें. कोठून उचलावयाचें तें आधीं दाखवावें लागतें, गिंपमध्यें कंट्रोलची कळ दाबून व फोटोशॉपमध्यें आल्टची कळ दाबून. दोन्हींतही आधीं एक खूण करून ठेवावी, कीं ज्यामुळें उचल खालच्या फोटोवरून होऊन छाप वरच्या कोऱ्या थरावर पडते. गिंपमध्यें तिला ‘सॅम्पल मर्ज्ड’ म्हणतात. ही एक खूण विसरल्यामुळें ‘क्लोन चालतच नाहीं’ म्हणून निराश झालेले नवशिके थोडेथोडके नसतील.

काम मागच्या पडद्यापासून सुरूं करावें. तेथें चूक झाली तरी कोणास दिसत नाहीं. मग गालिचा, मग खुर्ची, मग वस्त्रें. हात बसल्यावर, सर्वांत शेवटीं, चेहरा. कुंचला डागाहून किंचित् मोठा असावा, अधिक नव्हे. एकाच जागेवरून वारंवार उचल केली, तर तेंच तें फूल चार ठिकाणीं उगवतें आणि लबाडी उघडी पडते. साडीच्या कांठावरून गेलेली चीर हें कठीण काम आहे. तेथें कांठाची नक्षी ज्या अंतरानें पुनः पुनः येते, तें अंतर मोजून उचल करावी. या एका चिरेवर दोन संध्याकाळी गेल्या तरी वाईट वाटून घेऊं नये. कामाची फाइल प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पद्धतीनें, म्हणजे गिंपमध्यें एक्ससीएफ व फोटोशॉपमध्यें पीएसडी या पद्धतीनें सांठवावी. तरच थर निरनिराळे राहतात.

पगडी तेवढीच फिकी राहिली असेल, तर ‘मास्क’ शिकण्याची वेळ आली असें समजावें. फोटोच्या थराची नक्कल गडद करावी व तिच्यावर मास्क चढवावा. मास्कवर जेथें पांढरें तेथें ती नक्कल दिसते, जेथें काळें तेथें ती झांकते. काळ्या मास्कवर पांढऱ्या कुंचल्यानें पगडी रंगविली, कीं पगडीच तेवढी गडद होते. काळोख्या खोलींतला मिटत आलेला हात तो हाच.

इतक्यावर येऊन पोंचलेल्या माणसाला एक मोठा मोह गांठतो. अलीकडे यंत्रबुद्धीनें चित्र पुरें करून देणारीं साधनें आलीं आहेत. फोटोशॉपमध्यें ‘जनरेटिव्ह फिल’ हें साधन २०२३ मध्यें आलें, आणि मोबाइलवर तर एका बोटानें जुना फोटो ‘नवा’ करून देणारे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. मागच्या पडद्याचा फाटका कोपरा भरावयास तीं वापरण्यास हरकत नाहीं. चेहऱ्यावर मात्र वापरूं नयेत. कारण असें, कीं अंधुक झालेला डोळा खरोखर कसा होता हें त्या यंत्रास ठाऊक नसतें. त्यानें दुसऱ्या असंख्य लोकांचे चेहरे पाहिलेले असतात आणि त्यांवरून येथें बहुधा असा डोळा असावा, असा अंदाज करून तें तो रंगवितें. चित्र सुरेख होतें. पापण्या मोजून घ्याव्यात इतके स्पष्ट. परंतु ती पणजी नव्हे. हनुवटीचें गोंदण डाग म्हणून पुसलें गेलेलें असतें, पुढें आलेला दांत मागें गेलेला असतो, आणि सबंध कुटुंबांत जें नाक तीन पिढ्या चालत आलें तें कोणा परक्या बाईचें झालेलें असतें. घरांतील मुलांनीं पणजीला पाहिलेलें नाहीं. तीं हाच चेहरा खरा धरून चालतील. रशियांत स्टालिनशेजारीं कालव्याच्या काठीं उभा असलेला येझोव्ह १९४० सालीं मारला गेल्यावर फोटोंतूनही काढून टाकला गेला. १९८२ च्या फेब्रुवारींत नॅशनल जिओग्राफिक मासिकानें मुखपृष्ठाच्या उभ्या आकारांत बसविण्यासाठीं गीझाचे पिरॅमिड जवळ सरकविले. या दोन्ही ठिकाणीं बदल करणाराला आपण काय करीत आहों हें ठाऊक होतें, आणि मूळ फोटो उरल्यामुळें लबाडी पकडली गेली. घरांतल्या एकुलत्या एक फोटोची गोष्ट त्याहून नाजूक आहे. अंधुक डोळा अंधुकच ठेवावा.

फोटो रंगविण्याच्या साधनांचीही हीच कथा. काळ्यापांढऱ्या फोटोंत हिरवा शालू आणि तांबडा शालू यांची करडी छटा एकच असूं शकते. यंत्र यांतला कोणता तरी रंग निवडून मोकळें होतें. रंगीत प्रत हवीच असेल तर ती निराळी काढावी, व ती रंगविलेली आहे हें तिच्यावर लिहावें.

रोज अर्धा तास दिला, तर असा एक फोटो पुरा होण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतील. दुसरा फोटो १९७० च्या सुमाराचा रंगीत घ्यावा. असे फोटो पुष्कळदां तांबूस झालेले असतात, कारण कागदांतील निळसर-हिरवा रंग इतर रंगांच्या आधीं उडतो. तेथें तोच लेव्हल्सचा आलेख तिन्ही चॅनेलमध्यें निरनिराळा उघडावा आणि प्रत्येक डोंगर त्याच्या त्याच्या पायथ्याशीं बसवावा. तांबडेपणाचा पडदा बराचसा दूर होतो. तिसऱ्या फोटोपासून मग वाटेल तो व्हिडिओ पहावा. आतां त्यांतलें काय घ्यावें व काय सोडावें, हें शिकणाऱ्यास कळूं लागलेलें असेल.

छापण्यास देतांना इंचास ३०० ठिपके धरावेत. वरच्या ३६०० गुणिले २४०० ठिपक्यांच्या स्कॅनवरून बारा इंच बाय आठ इंचांची प्रत स्वच्छ निघते. धार वाढविण्याचें ‘अनशार्प मास्क’ हें साधन सर्वांत शेवटीं, बेताबेतानें वापरावें. मूळ स्कॅन, थरांसकट फाइल व छापण्याची प्रत अशा तिन्ही फाइली दोन निरनिराळ्या ठिकाणीं सांठवाव्यात. मूळ फोटोच्या पाठीवर शाईनें लिहूं नये. मऊ पेन्सिलीनें, हात न दाबतां, कडेला नांवें व अदमासें साल लिहावें. फाइलींबरोबर एक लहानशी नोंद ठेवून तींत कोणता डाग काढला, कोणती चीर बुजविली व चेहऱ्यास हात लावला कीं नाहीं, हें चार ओळींत लिहावें. आत्यांनीं शालूचा रंग सांगितला असल्यास तोही त्यांच्या नांवानिशीं तेथेंच लिहून ठेवावा.